शिकारी कुत्र्याचे चित्र वाचायचे कसे? १९व्या शतकातील युरोपीय चित्रांसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने १८२९ मध्ये 'हाय लाइफ' आणि 'लो लाइफ' अशी दोन छोटी चित्रे काढली. दोन्ही साधारण ४६ बाय ३५ सेंटिमीटरची असून आज लंडनच्या टेट संग्रहात आहेत. पहिल्यात उंच, लांब तोंडाचा डियरहाउंड गढीतल्या खोलीत बसला आहे आणि त्याच्याभोवती चिलखत, ग्रंथ, लेखणी असे सामान आहे. दुसऱ्यात खाटकाच्या दारातला आखूड, रुंद छातीचा कुत्रा आहे आणि शेजारी मळके बूट आणि टोपी. माणूस एकाही चित्रात नाही, तरी दोन्ही मालक कुठल्या थरातले आहेत हे त्या काळच्या प्रेक्षकाला एका नजरेत कळत होते.

आपल्याला ते तितके सहज कळत नाही. आपण कुत्र्याचे डोळे पाहतो, केस किती हुबेहूब रंगवले आहेत ते पाहतो आणि पुढे सरकतो. पण त्या शतकात कोणता कुत्रा कोणी पाळायचा, तो कुठे धावायचा आणि त्याने पकडलेले जनावर कोणाचे, हे जमिनीच्या मालकीवर, कायद्यावर आणि पैशावर ठरत होते. म्हणून चित्र वाचताना आधी कुत्र्याचे काम ओळखावे, मग शिकारीचा हक्क कोणाचा होता ते पाहावे आणि भावना शेवटी बघावी. उलट क्रमाने गेलात तर लँडसीअरसारखा कुशल चित्रकार तुम्हाला हळवे करून सोडतो आणि बाकी सगळे नजरेतून निसटते.

तयारी: चित्राची चांगली प्रत मिळवा

समाजमाध्यमांवर फिरणारी प्रत वापरू नका. ती बहुतेक वेळा कडांवर कापलेली असते, आणि नेमकी कडेलाच चाबूक, दोरी किंवा नोकराचा हात असतो. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रत घ्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या संग्रहातील स्वामित्वहक्कमुक्त कलाकृतींच्या प्रतिमा खुल्या केल्या आहेत. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतूनही मोठ्या आकाराच्या प्रतिमा विनामूल्य उतरवता येतात. लांबीरुंदी, माध्यम, वर्ष आणि नोंदणी क्रमांक सुरुवातीलाच टिपून ठेवा. लांबीरुंदी तर हवीच. दोन मीटर उंचीचा कॅनव्हास सार्वजनिक प्रदर्शनासाठी असतो आणि हातभर फळी घरातल्या भिंतीसाठी. दोन्हींतला कुत्रा एकसारखा दिसला तरी ती चित्रे वेगवेगळ्या प्रेक्षकांसाठी काढलेली असतात.

प्रतिमा उघडल्यावर काळोख्या भागांवरून घाईने निष्कर्ष काढू नका. त्या काळी अनेक चित्रकार गडद छटांसाठी डांबरी तपकिरी रंग वापरत. तो नीट वाळत नाही, काळवंडतो आणि त्याला रुंद भेगा पडतात. कुत्रा काळा वाटतो, पण मुळात तो तपकिरी असू शकतो.

पायरी १: जात विसरा, काम ओळखा

इथेच सर्वांत जास्त चुका होतात. आजच्या जातींची नावे आणि शरीरमापे बरीचशी शतकाच्या उत्तरार्धात ठरली. इंग्लंडमधले पहिले रीतसर श्वानप्रदर्शन जून १८५९ मध्ये न्यूकॅसलला भरले. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर होते आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या गेल्या. श्वानजातींची नोंद ठेवणारा केनेल क्लब १८७३ चा. आज ज्याला गोल्डन रिट्रीव्हर म्हणतात त्या वाणाची पैदास स्कॉटलंडमधल्या गिसाकन इस्टेटीवर १८६८ पासून सुरू झाली. म्हणजे १८५० च्या चित्राखाली 'गोल्डन रिट्रीव्हर' लिहिले असेल, तर ते लेबल नंतर कोणीतरी चिकटवले आहे.

कामावरून पाच गट करा.

नजरेवर धावणारे: ग्रेहाउंड, डियरहाउंड. खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय. हे सशामागे किंवा हरणामागे सुटतात आणि वेगावर जिंकतात. खानदान दाखवायचे असेल तर चित्रकार बहुधा हाच कुत्रा घेतो.

वासावर माग काढणारे: फॉक्सहाउंड, हॅरियर, बीगल, ब्लडहाउंड आणि फ्रान्समधले तिरंगी हाउंड. लोंबते कान, जड ओठ, टोळीने काम. फॉक्सहाउंड, हॅरियर आणि बीगल रंगाने सारखेच असतात, तेव्हा उंचीवरून ओळखा. फॉक्सहाउंड खांद्याशी साधारण ६० सेंटिमीटर, बीगल ४० च्या आत, हॅरियर मधला. शेजारी घोडा असेल तर त्याच्या पायाशी ताडून पाहा. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण फॉक्सहाउंडांमागे घोड्यावरून जायचे आणि बीगलांमागे पायी. घोडा पोसणे ज्याला परवडत नव्हते तो बीगलांकडे वळे.

बंदुकीसोबतचे: पॉइंटर एक पाय उचलून ताठ थांबतो. सेटर दबून बसतो, कारण त्याचे पूर्वज पक्ष्यांवर जाळे ओढण्याच्या कामातले होते. स्पॅनियल झुडपातून पक्षी उठवतो, रिट्रीव्हर पडलेला पक्षी आणून देतो.

बिळात शिरणारे: टेरियर. मोठ्या टोळीच्या चित्रात कोपऱ्यात एखादा लहान, खरबरीत केसांचा कुत्रा दिसला की कोल्हा बिळात शिरलेला आहे किंवा शिरणार आहे.

पाचवा गट चोरट्या शिकाऱ्याचा. त्यात लर्चर, म्हणजे ग्रेहाउंड आणि मेंढपाळी कुत्र्याचा संकर. वेग ग्रेहाउंडाचा, शहाणपण मेंढपाळी कुत्र्याचे, आणि तो आवाज न करता काम करतो. दर्शनी चित्रांत हा फारसा सापडत नाही. सापडलाच तर मालकाचा चेहरा आणि दिवसाची वेळ पाहा. बहुधा संध्याकाळ किंवा चांदणे असते.

पायरी २: कान, पट्टा, जोडी

जुन्या चित्रांतल्या फॉक्सहाउंडांचे कान आखूड आणि गोल दिसतात. ती वेगळी जात नव्हे. काटेरी कुंपणात कान फाटू नयेत म्हणून पिल्लांच्या कानांची टोके गोल कापत असत. ही प्रथा नंतर बंद पडली. कान गोल कापलेले असतील तर तो कुत्रा टोळीत काम करणारा, हे पक्के समजा.

दोन कुत्रे एकमेकांना आखूड साखळीने बांधलेले असतील तर ती शिकारखान्याची पद्धत आहे. नवख्या कुत्र्याला अनुभवी कुत्र्यासोबत जोडत, आणि टोळीची मोजदादही जोड्यांनीच होत असे. 'साडेसतरा जोड्या' म्हणजे ३५ कुत्रे. टोळीतली पिल्ले वाढवण्यासाठी कुळांकडे आणि शेतकऱ्यांकडे देत. ज्या शेतकऱ्याच्या पिकातून घोडे दौडणार, त्याच्याच ओट्यावर जमीनदाराचे पिल्लू वाढे. शिकारीच्या मेळाव्याच्या चित्रात साध्या कपड्यांतला एखादा गावकरी कुत्र्याला ओळखीने कुरवाळताना दिसला तर हे नाते लक्षात घ्या.

पट्ट्यात धातूची पट्टी आणि त्यावर अक्षरे असतील तर प्रतिमा पूर्ण मोठी करून वाचा. कधी नाव दुसरीकडेच असते. फ्रेंच चित्रकर्ती रोझा बॉनरच्या 'शिकारीनंतरचा बार्बारो' (सुमारे १८५८, फिलाडेल्फिया कला संग्रहालय) या चित्रात कुत्र्याचे नाव मागच्या भिंतीवर आहे. कुत्रा साखळीने बांधलेला, दमलेला, आणि जवळ बादली व ब्रश. रान नाही, शिंग नाही, मेलेले जनावर नाही. शिकारीमागची रोजची घासपूस चित्रात आणणारे हे त्या काळातले दुर्मीळ काम आहे, आणि डौलदार हाउंडांच्या दहा चित्रांपेक्षा ते जास्त सांगते असे आमचे मत आहे.

पायरी ३: बंदूक आणि मेलेले जनावर

बंदुकीचा चाप बघा. गारगोटी धरणारा चाप असेल तर शतकाची पहिली २५-३० वर्षे. दारू पेटवणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीवर आपटणारा हातोडा पण नळी पुढून भरायची, म्हणजे ठासणीची बंदूक असेल तर साधारण १८२० च्या दशकापासून पुढे. मधून मोडणारी काडतुसाची बंदूक असेल तर १८५० नंतर.

कुत्र्याच्या कामाचाही याच्याशी थेट संबंध आहे. ठासणीची बंदूक भरायला वेळ लागे. शिकारी चालत जाई, पॉइंटर पक्षी दाखवी, एक बार निघे आणि पुन्हा ठासणी. काडतुसाची बंदूक आल्यावर श्रीमंतांच्या इस्टेटींवर हाका घालून शेकडो पक्षी बंदुकांवरून उडवण्याची पद्धत फोफावली. पक्षी शोधण्याचे काम हाकेवाल्यांकडे गेले आणि कुत्र्याकडे उरले फक्त आणून देण्याचे. चित्रांत पॉइंटर मागे पडतो आणि रिट्रीव्हर पुढे येतो तो यामुळे.

जनावरावरून महिना काढता येतो. इंग्लंडच्या १८३१ च्या कायद्याने ग्राउस हा माळावरचा पक्षी १२ ऑगस्टपासून, तितर १ सप्टेंबरपासून आणि फेझंट १ ऑक्टोबरपासून मारता येत. स्कॉटलंडच्या माळावर जांभळे हेदर फुललेले आणि पायाशी ग्राउस, तर ऑगस्ट. कोल्ह्याची शिकार पीक निघाल्यावर, हिवाळ्यात. ऋतू आणि जनावर जुळत नसतील तर चित्रकाराने स्टुडिओत वेगवेगळे अभ्यास जोडले आहेत, हे ओळखा. यात फसवणूक नाही, सगळेच तसे करत. फक्त त्याला 'प्रत्यक्ष पाहिलेला प्रसंग' म्हणू नका.

पायरी ४: चित्राच्या वर्षी कायदा काय होता

इंग्लंडमध्ये १६७१ च्या कायद्यानुसार वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन किंवा १५० पौंडांची दीर्घ मुदतीची भाडेपट्टी असेल त्यालाच ससे-तितरांची शिकार करता येई. इतरांच्या घरातले ग्रेहाउंड, सेटर, लर्चर जप्त करण्याचा अधिकार जमीनदाराच्या राखणदाराला होता. हा कायदा १८३१ पर्यंत टिकला. म्हणून १८२५ च्या चित्रातला ग्रेहाउंड हा मालकाच्या जमिनीचा पुरावाच मानता येतो. १८३१ नंतर परवाना विकत घेता येऊ लागला आणि गिरणीमालक, वकील, व्यापारी यांच्या घरी शिकारी कुत्र्यांची चित्रे लागू लागली. जमीन मात्र जमीनदाराचीच राहिली. शेतातले ससे आपल्या हक्काने मारण्याची मोकळीक कुळांना १८८० मध्ये मिळाली.

फ्रान्समध्ये सरदारांचा शिकारीचा खास हक्क १७८९ च्या क्रांतीत गेला, आणि १८४४ च्या कायद्याने २५ फ्रँकचा परवाना आला. खेड्यातल्या मजुराला दिवसाला दीड-दोन फ्रँक मिळत, म्हणजे परवाना ही जवळपास पंधरा दिवसांची कमाई. १८५५ मध्ये कुत्र्यांवरही कर बसला. तो १ ते १० फ्रँक होता; शिकारीचे आणि हौसेचे कुत्रे वरच्या दरात, राखणीचे खालच्या दरात. त्यामुळे या वर्षानंतरच्या फ्रेंच चित्रात हाउंड दिसला की त्याच्यासाठी चढ्या दराने कर भरला जात होता हे ध्यानात ठेवा.

आपल्या टिपणात चित्राचे वर्ष आणि त्या वर्षीचा कायदा शेजारी-शेजारी लिहा. बाकी काही जमले नाही तरी एवढे कराच.

पायरी ५: माणसे मोजा, नसलेलीही

दोरी कोणाच्या हातात आहे? कुत्रा कोणाकडे पाहतो आहे? बहुतेक चित्रांत दोरी नोकराच्या हाती असते आणि कुत्र्याची नजर मालकाकडे. प्रत्यक्षात कुत्र्याला खाऊ घालणारा, जखमा धुणारा नोकरच. चित्रकाराने नजर मालकाकडे वळवली की निष्ठा मालकाच्या नावावर जमा होते.

लँडसीअरचे राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे 'विंडसर कॅसल इन मॉडर्न टाइम्स' हे १८४० च्या दशकाच्या सुरुवातीचे चित्र समोर घ्या. अल्बर्ट शिकारीच्या बुटांत बसलेला, राणी उभी, मेलेले पक्षी दिवाणखान्यात मांडलेले आणि लहान राजकन्या त्यांतलाच एक हाताळते आहे. अल्बर्टच्या गुडघ्याशी ईऑस, त्याने जर्मनीहून आणलेली ग्रेहाउंड कुत्री. पद पत्नीचे मोठे. पण घरात परतणारा, शिकार आणणारा पुरुष तो, आणि कुत्री त्याची. ईऑसने ते नाते डोळ्यांना पटवून दिले आहे. १८४१ मध्ये लँडसीअरने ईऑसचे एकटीचेही चित्र काढले. शेजारी अल्बर्टची उंच हॅट आणि हातमोजे. माणूस गैरहजर असून चित्र त्याचेच आहे.

पायरी ६: चित्र कोणी घेतले, छाप किती फिरली

लँडसीअरची चित्रे पाहिलेल्यांपैकी बहुतेकांनी मूळ कॅनव्हास कधी पाहिलाच नाही. त्यांनी पाहिल्या त्या कोरीव छापा. त्यांतल्या अनेक त्याचा भाऊ थॉमस लँडसीअर याने कोरल्या. दुकानदाराच्या घरातली सरदारी हाउंडाची छाप आणि सरदाराच्या घरातला मूळ कॅनव्हास यांचा अर्थ एक नाही. पहिलीत आकांक्षा आहे, दुसऱ्यात मालकी.

हाती जुनी छाप आली तर दहापट भिंग घ्या. सारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ती फोटोवरून यंत्राने छापलेली, शतकाच्या शेवटची किंवा नंतरची. वेड्यावाकड्या रेषा आणि मखमली दाणा दिसला तर हाताने कोरलेल्या पत्र्याची. चारही बाजूंना पत्र्याच्या दाबाची खोलगट कड बोटाला लागते का पाहा. फ्रेम करताना ती अनेकदा कापली जाते. खाली डावीकडे चित्रकाराचे नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचे, मध्ये प्रकाशकाचा पत्ता आणि तारीख अशी रीत होती. अर्पणपत्रिका असेल तर त्यात कुत्र्याच्या मालकाचे नाव मिळण्याची चांगली शक्यता असते. छापेत चित्र आरशासारखे उलटलेले असू शकते. सगळे शिकारी डाव्या खांद्याला बंदूक लावत असतील तर शंका घ्या.

एक चित्र पूर्ण वाचू: कूर्बेचे 'ला क्युरे'

फ्रेंच चित्रकार गुस्ताव्ह कूर्बेचे हे चित्र १८५६ चे. पॅरिसच्या १८५७ च्या सालोंमध्ये (तिथले मोठे अधिकृत कलाप्रदर्शन) ते मांडले गेले, १८६६ मध्ये बॉस्टनच्या ऑल्स्टन क्लबने विकत घेतले आणि आज ते बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात आहे. उंची सुमारे २१० सेंटिमीटर, रुंदी १८३.

काम: वासावर माग काढणारे दोन हाउंड. जनावर: रो जातीचे हरीण, मागच्या पायाने झाडाला टांगलेले. माणसे: झाडाला टेकून सावलीत उभा असलेला शिकारी, तो स्वतः कूर्बे, आणि उजेडात बसून शिंग फुंकणारा लाल जाकिटातला नोकर. शिकारीनंतर कुत्र्यांना त्यांचा वाटा देण्याचा जो विधी आहे, त्याचे नाव चित्राला आहे. पण कुत्र्यांनी अजून तोंड लावलेले नाही. ते थांबले आहेत.

कॅनव्हास अनेक तुकडे जोडून केला आहे. हरीण आणि शिकारी आधीचे. कुत्रे आणि शिंगवाला नंतर वाढवलेल्या भागांत आले. याचा अर्थ कुत्रे सजावटीला नाहीत, त्यांच्यासाठी चित्रकाराने चित्र वाढवले. जोडांच्या रेषा मोठ्या प्रतिमेत शोधा. हेच दोन कुत्रे मेट्रोपॉलिटनमधल्या १८५७ च्या 'मेलेल्या सशासोबत शिकारी कुत्रे' या चित्रात पुन्हा येतात. दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवून अंगावरचे डाग ताडून पाहता येतात.

कायदा: परवाना आणि श्वानकर दोन्ही लागू. चित्रकार सरदार नाही, तो ज्युरा भागातल्या सधन शेतकरी कुटुंबातला. सत्तर वर्षांपूर्वी जी मुभा त्याच्या वर्गाला नव्हती ती आता त्याच्या हाती आहे, आणि दरबारी शिकारचित्राच्या मापाचा कॅनव्हास तो स्वतःसाठी वापरतो आहे. तरीही शिंग फुंकायला नोकर लागतोच. हरणाचा मृत्यू, थांबलेले कुत्रे आणि सावलीतला शिकारी यांतली उदासी तुम्हाला जाणवली तर ती खरी आहे, पण ती या सगळ्यानंतर लिहा.

कुत्रा ज्याच्यावर सोडला आहे त्याच्या बाजूने

रिचर्ड अ‍ॅन्सडेल हा इंग्रज चित्रकार खेळ आणि शिकारीच्या चित्रांसाठी नावाजलेला होता. त्याच माणसाने १८६१ मध्ये, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले त्या वर्षी, 'हंटेड स्लेव्हज' काढले. पळून आलेले गुलाम जोडपे, पुरुषाच्या हाती कुऱ्हाड आणि अंगावर येणारे मॅस्टिफ. हे चित्र लिव्हरपूलच्या संग्रहात आहे, ज्या बंदराने गुलामांच्या व्यापारावर पैसा कमावला तिथेच. स्नायू, जबडे, ताणलेली कातडी हे सारे कौशल्य शिकारचित्रांतून आलेले, फक्त सावज बदलले. हे पाहिल्यावर इतर चित्रांतल्या 'शूर' कुत्र्यांकडेही तो कोणावर सुटला आहे असे विचारल्याशिवाय पाहू नये.

अमेरिकेतल्या विन्स्लो होमरच्या 'हंट्समन अँड डॉग्ज' (१८९१) आणि 'हाउंड अँड हंटर' (१८९२) या चित्रांत अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरातली पद्धत आहे: कुत्रे हरणाला हाकत तळ्यात घालतात आणि होडीतला माणूस पाण्यातच ते मारतो. ही रीत हौशी शिकाऱ्यांनाही खुपत होती आणि शतक संपण्याआधी न्यूयॉर्क राज्याने तिच्यावर बंदी घातली. होमर शिकारी तरुणाला ना वीर करतो ना खलनायक. जनावराचे कातडे खांद्यावर टाकून उभा असलेला तो पोरगा पैशासाठी काम करतो आहे.

आपल्याकडची चित्रे या मापाने मोजू नका

१९व्या शतकाच्या शेवटी छापलेल्या खंडोबाच्या रंगीत चित्रांत घोड्याजवळ कुत्रा असतो. त्यावर ही कसोटी लावली तर अर्थ चुकेल. तो देवाचा परिवार आहे. वाघ्ये स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवतात आणि ते दास्य भक्तीचे आहे. पट्टा, जात, परवाना यांचा तिथे संबंध नाही. कारवानी किंवा मुधोळ कुत्र्यांची छायाचित्रे आणि संस्थानिकांच्या शिकारीची चित्रे असतील तर मात्र जमीन आणि हक्काचे प्रश्न लागू पडतात. फक्त कायदा इंग्लंडचा नव्हे, त्या संस्थानाचा शोधावा लागतो.

शेवटची पायरी: टिपण लिहिणे

टिपण १२० ते १५० शब्दांत बसवा. पहिल्या वाक्यात चित्रकार, वर्ष, माप, ठिकाण. दुसऱ्यात कुत्र्याचे काम, जातीचे नाव खात्री असेल तरच. मग बंदूक, जनावर आणि ऋतू. मग त्या वर्षीचा कायदा एका वाक्यात. मग माणसे आणि नजरा. भावनेसाठी शेवटची दोन वाक्ये राखून ठेवा. 'निष्ठा', 'उदात्त', 'राजबिंडा' असे शब्द आले की थांबा आणि कंसात लिहा: कोणाच्या दृष्टीने? चित्राचे नाव चित्रकाराने दिले की विक्रेत्याने, हे संग्रहालयाच्या नोंदीत बघा. 'स्वामिनिष्ठ सोबती' छापाची नावे पुष्कळदा लिलावघरात जन्मतात. 'लँडसीअरची शैली' किंवा 'लँडसीअरनुसार' असे लिहिलेले असेल तर ते चित्र लँडसीअरचे नाही, आणि तुमच्या टिपणातही ते त्याचे होता कामा नये.